डावी पाकळी

मी कशालाच घाबरत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा उगाच गैरसमज नको.

माझं नाव दिपेश भुवड. मूळचा संगमेश्वराकडचा, पण गेली अठरा वर्षं मुक्काम मीरा रोडच्या शांती नगरमध्ये. नोकरी कुरिअर कंपनीत. ज्यांची पार्सलं भलत्याच पत्त्यावर गेली, त्यांचे फोन घेणं हे माझं काम! रोज आठ तास लोकांच्या शिव्या खाऊन जो माणूस घरी येऊन दोन घास जेवतो, तो आणखी कशाला घाबरणार?

तर आमच्या सेक्टरच्या मागे ‘कलांगण’ नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. खाली हॉल, वर दोन खोल्या आणि हे सगळं चालवणाऱ्या रीमा मॅडम. मॅडम गुजराती, पण मराठी फर्डं बोलतात, फक्त थांबत नाहीत. जानेवारीत त्यांनी नोटीस लावली की यंदा लोककलांची कार्यशाळा, आणि मेमध्ये सगळ्यांचा एकत्र कार्यक्रम. मी नोटीस वाचत होतो तेवढ्यात त्यांनी मला मागून गाठलं.

“दिपेशभाई, तुमच्या रत्नागिरीकडे काय असतं?”

“नमन!” मी म्हटलं. “मृदंगावर आधी देवाला वंदन, मग गण, मग गौळण, आणि मग येतो संकासुर! काळा झगा, टोकदार उंच टोपी, काळा मुखवटा, पांढरी दाढी, कंबरेला घुंगरं, हातात दोरीचा चाबूक! तो आला की माणसं दारं लावून घेतात!”

“अरे वा! कोण करणार?”

“मी! गावात पाच वर्षं मीच तर करायचो!”

आता हा पाचाचा आकडा माझ्या तोंडातून कसा बाहेर पडला, ते आमच्या ग्रामदेवीला, वाघजाईलाच ठाऊक. पण पडला खरा. पुढच्या रविवारपासून मी चौदा पोरांचा गुरुजी झालो. त्यात गुजराती, मल्याळी, भोजपुरी, सगळी होती. आणि मृदंगावर होती आमची सान्वी, वय वर्षं बारा.

सान्वीला मृदंग माझ्या वडिलांनी, अण्णांनी शिकवला. मे महिन्यात गावी गेलो की आजोबा-नात पडवीत बसून दिवसभर धपाधप चालू! अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. मृदंग गावच्या घरी खुंटीला टांगलेला होता, तो मी या शिमग्याला काढून इकडे आणला. दोन महिने पोर शाळेतून आली की आधी मृदंगाला पाया पडायची आणि मग वाजवत बसायची. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केली आणि तिसऱ्यांदा ऐकायला येऊन बसले.

एकच गोष्ट राहिली होती. आमच्या वाडीत बाईमाणसाने नमनाच्या मृदंगाला हात लावलेला नाही. पडवीत शिकणं निराळं, मांडावर, म्हणजे प्रत्यक्ष नमनात, वाजवणं निराळं. त्यासाठी देवीचा कौल घ्यायला हवा. कौल म्हणजे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि डाव्या कौलाच्या पुढे जायचं नाही म्हणजे नाही!

“पप्पा, कौल घेतला ना?” सान्वी मार्चपासून विचारत होती.

“कधीच घेतला! उजवा! आई म्हणाली, खुशाल वाजव!”

हे साफ खोटं होतं. घेऊ, घेऊ म्हणत राहून गेलं होतं. गुरव आपलेच, रामनाथकाका. एक फोन केला की काम, असं मला वाटायचं.

तो फोन मी केला कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठ वाजता.

काकांनी व्हिडिओ कॉल घेतला, फोन तांब्याला टेकवून देवीसमोर ठेवला आणि पाकळ्या लावल्या. मी बाथरूममध्ये दार लावून, पायातली चप्पल काढून, हात जोडून उभा. काकांनी गाऱ्हाणं घातलं, “आई, लेकराच्या हातनं सेवा घेनार काय?” पाच मिनिटं काही नाही. मग हळूच एक पाकळी हलली. आणि पडली.

डावी!

मी स्क्रीनवर डोळे फाडून बघितलं. डावीकडचीच! उजवीकडची जागच्या जागी. काका माझ्याकडे वळले, तोंड उघडून म्हणाले, “दिपेश, बगितलास—” आणि फोन कट. आमचं देऊळ खोलगट भागात आहे. तिथे रेंज येते ती पाहुण्यासारखी. मी एकतीस वेळा फोन लावला, प्रत्येक वेळी तीच बाई म्हणाली की संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

आमच्या सुगंधाआत्याच्या नवऱ्याने डावा कौल असताना पडवी बांधायला घेतली होती. आठव्या दिवशी उजवा हात खांद्यातून वर जाईना! चार महिने आत्या त्यांना भरवत होती. लहानपणी मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आणि आता माझ्या डोळ्यांपुढे सान्वीचा हात यायला लागला. एवढासा तो हात, त्यात बोटं मृदंग वाजवून वाजवून कडक झालेली.

बाहेर आलो तर बायको, संचिता, चहा घेऊन उभी.

“बाथरूममध्ये कोणाशी बोलत होतास?”

“कोणाशी नाही. गुणगुणत होतो.”

“हात जोडून?” तिने कप माझ्या हातात दिला.

तेवढ्यात आतून सान्वी ओरडली, “आई गं!” कपाटाच्या दारात तिचं बोट चेमटलं होतं. माझ्या हातातला कप सुटला! सुरुवात झाली, मी मनात म्हटलं, देवीने सुरुवात केली!

सांगून टाकायचं होतं, तुम्ही म्हणाल. कोणाला आणि काय? बारा वर्षांच्या पोरीला सांगू की देवीला तू नकोस? दोन महिन्यांपूर्वी उजवा कौल झाला म्हणून सांगितलं ते खोटं होतं, हेही सांगू? माझी हिंमत झाली नाही. मला देवीची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त सान्वीच्या चेहऱ्याची वाटत होती.

दुपारी बारा वाजता फोन टणकन वाजला. रामनाथकाकांचा व्हॉइस मेसेज, सत्तेचाळीस सेकंद.

मी तो उघडला नाही.

हसू नका! माझा हिशेब सरळ होता. पाकळी मी पाहिली होती, पण काकांच्या तोंडून नकार अजून ऐकला नव्हता. जोवर ऐकला नाही, तोवर मी काही आज्ञा मोडली असं होत नाही. सत्तेचाळीस सेकंदांत माणूस काय काय बोलू शकतो! मी फोन पालथा ठेवला आणि त्यावर उशी ठेवली.

चार वाजता आम्ही केंद्रात पोचलो. मी थेट रीमा मॅडमना गाठलं.

“मॅडम, माझं पोट बिघडलंय. आपण नमन पुढच्या वर्षी करू.”

“अरे टेन्शन नहीं लेने का! ओआरएस आहे ना माझ्याकडे!” असं म्हणून त्यांनी मला अख्खा लिटर पाजला. “आणि तुमचा मोबाइल द्या. सुरुवातीचं ते गाऱ्हाणं त्यात आहे ना?”

होतं. काकांनीच गेल्या महिन्यात रेकॉर्ड करून पाठवलं होतं.

“व्हॉट्सॲपवर रामनाथकाकांच्या नावावर आहे,” मी म्हटलं आणि फोन देऊन टाकला. तसाही संकासुराच्या झग्याला खिसा नसतो. आणि खरं सांगतो, तो मेसेज माझ्याजवळ नाही म्हटल्यावर मला जरा हलकं वाटलं.

मी झगा घातला, दाढी बांधली, घुंगरांचा पट्टा आवळला. आणि एक नवीनच संकट उभं राहिलं. भीतीने मी आतल्या आत थरथरत होतो, आणि मी थरथरलो की घुंगरं वाजत! छन छन छन! श्वास रोखला तरी छन छन!

“काय दिपेशभाई, प्रॅक्टिस चालू?” येणारा-जाणारा विचारत होता.

शेवटी मनाशी ठरवलं. कार्यक्रम थांबत नाही, सान्वी थांबत नाही, तर मृदंगच थांबवायचा! मृदंग सापडलाच नाही तर पोर वाजवणार कशी? थोडी रडेल, पण हात शाबूत राहील. कार्यक्रम संपला की हळूच काढायचा आणि ‘अरेच्चा, हा इथे होय!’ म्हणायचं.

रंगमंचामागे उत्तनच्या बँडवाल्यांचं सामान पडलं होतं. पास्कल अंकलचा बँड, सगळ्यात शेवटचा कार्यक्रम त्यांचा. त्यांचा एक ड्रम बाहेर काढून ठेवलेला आणि त्याची काळी चेनची बॅग रिकामी पडलेली. मी इकडेतिकडे पाहिलं, मृदंगाला नमस्कार केला, “अण्णा, माफ करा,” म्हटलं आणि मृदंग बॅगेत घालून चेन ओढली.

“कोण हाय रं तिकरं?”

केंद्राची साफसफाई बघणाऱ्या लक्ष्मीमावशी! जवळच्याच मुर्धा गावच्या. त्यांच्या हातात झाडू होता आणि तो उगारलेला होता.

“मी आहे मावशी. दिपेश.”

“मंग वाजतंस कशाला?”

“थंडी वाजतेय.”

“मे म्हयन्यान?” मावशींनी मला टोपीपासून पायापर्यंत न्याहाळलं. “तुजी तब्येत बरी न्हाय. घरी जा.”

मला तरी दुसरं काय हवं होतं! पण तेवढ्यात माईकवर रीमा मॅडम कडाडल्या. “एक छोटासा बदल! पास्कल अंकलना सात वाजता उत्तनला लग्नात वाजवायचंय, म्हणून बँड पहिला!”

मी बॅगेकडे धावलो, तर समोर चौदा पोरं आणि त्यांच्या चौदा आया. “सर, माझी ओढणी!” “सर, हा राधा व्हायला नाही म्हणतो!” एका पोराने माझी दाढीच धरली. सुटून मागे पोचेपर्यंत बँड वाजवून उतरला होता. त्यांची पोरं भराभर बॅगा उचलत होती. एक बॅग आधीच भरलेली बघून कोणीतरी तीही उचलली. मी ओरडलो, पण मुखवट्याच्या आतून आवाज आला नुसता ‘हूंऽऽ’! टेम्पो गेटबाहेर पडला. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या.

अण्णांचा मृदंग उत्तनला निघून गेला होता. माझ्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर पार्सल भलत्या पत्त्यावर, आणि तक्रार घेणारा माणूस मीच!

आतापर्यंत मी एकट्या देवीला घाबरत होतो. आता त्यात अण्णा आले, अख्खी वाडी आली. मी विंगेत खांबाला धरून उभा राहिलो, आणि तो खांबही माझ्याबरोबर वाजायला लागला.

“पप्पा.” सान्वी समोर उभी होती. हिरवी नऊवारी, केसांत अबोली, डोळे भरलेले. “पप्पा, मृदंग मिळत नाहीये. मी इथेच ठेवला होता. मी एकच मिनिट पाणी प्यायला गेले.”

“असू दे बाळा, मिळेल.”

“आजोबांचा होता.” “माझ्याकडून हरवला, पप्पा.”

असं काही होईल हे माझ्या हिशेबात नव्हतंच! तिला वाटत होतं की चूक तिची आहे. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! मी तोंड उघडलं, सगळं सांगून टाकायलाच उघडलं, आणि नेमका पडदा वर गेला.

हॉलमध्ये तीनशे माणसं. संचिता पहिल्या रांगेत. मंचावर पोरं हात जोडून उभी. कोपऱ्यातल्या टेबलावर रीमा मॅडम माझा फोन घेऊन बसलेल्या. त्यांनी व्हॉट्सॲप उघडलं, रामनाथकाकांचं नाव शोधलं आणि सगळ्यात खालचा ऑडिओ दाबला.

सगळ्यात खालचा! “मॅडम, तो नाही, वरचा!” मी किंचाळलो. पण मुखवट्यातून पुन्हा ‘हूंऽऽ’! लोकांना वाटलं संकासुर आला. टाळ्या!

चारही स्पीकरमधून काकांचा आवाज घुमला.

“दिपेश, अरे फोन कट झाला. बगितलास ना? आईनं उजवा कौल दिलान! आईच्या उजव्या खांद्याची पाकळी पडली, टप्पकन्! पोरीला वाजवू दे बिनघोर. तुजा बापूस आसता तर नाचला आसता रं.”

उजवा? मी मंचाच्या मधोमध आलो. देवी माझ्यासमोर. मी देवीसमोर. माझा डावा इकडे, तर देवीचा... मी गर्रकन वळलो. पुन्हा वळलो. हात वर केला, खाली केला. आयुष्यभर देवळात मागे खांबापाशी उभं राहून ‘उजवा!’ अशी आरोळी तेवढी ऐकली होती. कोणाचा उजवा, हे कधी विचारलंच नव्हतं! मी स्वतःभोवती चार गिरक्या घेतल्या, घुंगरं छनाछन वाजली आणि हॉलने शिट्ट्या मारल्या.

पण सत्तेचाळीस सेकंद अजून संपले नव्हते.

“आनि काय रं,” काका पुढे म्हणाले, “संचिता बोलली, तू तिकडं संकासुर शिकवतोस? पाच वर्सं गावात संकासुर झालास म्हनं? अरे, शिमग्यात संकासुर दारात आला की तू भाताच्या कनगीत शिरायचास! बाहेर काढायला चार मानसं लागायची! धाव्वीपर्यंत! बरं, ठेवतो. आई सगल्यांचं बरं करो.”

पहिल्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. आवाज ओळखीचा होता. अठरा वर्षं मी तो घरात ऐकतोय.

मग तीनशे माणसं हसली! लक्ष्मीमावशी दारात झाडूवर रेलून डोळे पुसत होत्या. रीमा मॅडमनी तर माईकवरूनच विचारलं, “दिपेशभाई, ये कणगी क्या होता है? वो धान रखने का बडा टोकरा?”

सान्वी मात्र हसत नव्हती. ती विंगेतून माझ्याजवळ आली.

“पप्पा, कौल आज घेतला?”

मी मान डोलावली. छन.

“तुम्हाला वाटलं, आई नाही म्हणाली?”

छन.

“मग मृदंग...”

“उत्तनला गेलाय,” मी दाढीतून पुटपुटलो. “ड्रमच्या बॅगेत मीच घातला होता. तुझ्या हाताला काही होईल म्हणून. मी फार घाबरलो होतो गं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. अण्णा मृदंगावर चुकीची थाप पडली की जसं बघायचे, अगदी तस्सं. मग ती मागे गेली, बँडवाल्यांचा राहिलेला ड्रम उचलून आणला, मांडी घालून बसली, ड्रम मांडीवर आडवा घेतला, त्याला नमस्कार केला आणि वाजवायला लागली. ड्रमचा आवाज निराळा, पण थाप अण्णांची! पोरं ताठ उभी राहिली आणि वंदन सुरू झालं. माझ्या मुखवट्याच्या आत पाणी येत होतं आणि पुसायला हात आत जाईना.

नाचलो मी. काय नाचलो ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले की भीतीने थरथरणारा संकासुर आम्ही पहिल्यांदाच बघितला, काय अभिनय! मी थँक यू म्हटलं.

कार्यक्रम संपल्या संपल्या, झगासुद्धा न काढता, मी सान्वीला आणि बँडचा तो ड्रम घेऊन रिक्षा पकडली. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि मुर्धा, राई मागे पडेपर्यंत मीटरऐवजी आरशाकडेच बघत राहिला. शेवटी सान्वीला हळूच म्हणाला, “बेटा, ये तुम्हारे साथ हैं ना?”

“हां,” ती म्हणाली. “डरो मत, ये खुद डरते हैं.”

उत्तनच्या मांडवात मी शिरलो आणि सगळी पोरं किंचाळत नवरीच्या मागे लपली. नवरीही किंचाळली. पास्कल अंकल तेवढे धावत आले. “अरे, तुमचा ढोल हाय व्हय ह्यो? आमी म्हटला, कोणी दिला परमेश्वराला ठाऊक!” मृदंग त्यांनी खुर्चीवर ठेवून त्याला नवऱ्याचा हार घातला होता. अण्णांच्या मृदंगाला एवढा मान गावातही मिळाला नसेल. सान्वीने तिथे दोन हात वाजवून दाखवले आणि आम्ही पोर्कचं सोरपोतेल खाऊन परतलो.

आता शेवटचं. परवा रामनाथकाकांचा फोन आला. वाडीने ठरवलंय की पुढच्या शिमग्याला मांडावर सान्वीने मृदंग धरायचा. ऐकून माझी छाती फुगली. आणि फुगलेल्या छातीने मी म्हटलं, “काका, माझ्यासाठीही एक कौल लावा ना. आता सगळे माझ्या संकासुराचं कौतुक करतातच, तर तेव्हा गावात संकासुर मी होतो!”

काकांनी लगेच पाकळ्या लावल्या. व्हिडिओ कॉल नव्हता, साधाच फोन होता. मी कान लावून उभा.

“पडली,” काका म्हणाले. “डावी.”

मी जरा खाकरलो. “काका, डावी म्हणजे... देवीची की तुमची?”

पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं रेंज गेली.

“दिपेश,” काका शेवटी म्हणाले, “कनगी अजून हाय घरात. साफ करून ठेवतो.”